'नक्षी' कोण वापरतं?

"बाहेर जिन्यात जाऊन बोला," हंचाटे सर म्हणाले. "मी समोर बसलो तर तुमचा आवाज बदलेल, आणि तुमचा बदलला की त्यांचाही बदलेल."

त्यांनी डायरीचं एक पान फाडून माझ्या हातात दिलं. पाच नावं, पाच फोन नंबर, फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत अक्षर. मी पान घेतलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. बारा वर्षं झाली या गोष्टीला. सोलापूरचं ऊन जिन्याच्या जाळीतून आत येत होतं, आणि मी चक्क शीळ घालत होतो. उत्तर मला आधीच ठाऊक होतं ना!

आता मी कोण, तेही सांगतो. पुण्यात एका कंपनीत नोकरी होती, ती पोटापुरती. माझं खरं आयुष्य ऑफिस सुटल्यावर सुरू व्हायचं. जगभरच्या हजारेक लोकांनी फुकट राबून चालवलेली एक संगणकप्रणाली होती, लिनक्सचीच एक जात. तिचं एक मोठं भांडार असतं. त्यात हजारो पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रॅम ठेवलेले. नाव टाइप करा, प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर हजर. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा असतो, तोही फुकटातलाच. यात लोक नाव कमावतात ते काहीतरी नवीन लिहून. मला लिहिता फारसं येत नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. पण काढून टाकायला फार छान यायचं.

जुनी, बेवारस, मोडकी पॅकेजेस हुडकायची, त्यांच्यावर अर्ज टाकायचा आणि भांडारातून बाहेर काढायची, हे माझं काम. एक्केचाळीस काढली होती. आकडा मी तोंडपाठ ठेवला होता. माझी बायको मुक्ता म्हणायची, "घरातला जळलेला मिक्सर तीन वर्षं माळ्यावर सांभाळतोयस आणि जगाची अडगळ काढायला निघालायस!"

पण माझ्या अंगात आलं होतं. एक जुनी लायब्ररी होती. पडद्यावर खिडक्या, बटणं काढून देणारा हा जुनाट कोड. इतर पॅकेजेस त्याच्यावर उभी. तिच्या मूळ लेखकांनी तिला केव्हाच सोडून दिलं होतं आणि तिच्या सुरक्षेला भोकं पडली होती. मी विडा उचलला की पुढच्या आवृत्तीत ती नसेल. तिच्यावर दोनशे बारा पॅकेजेस उभी होती. दोन वर्षं मी हात धुऊन मागे लागलो. कुणी आपलं पॅकेज नव्या लायब्ररीवर चढवलं, कुणाचं मी बाहेर काढलं. शेवटी एकच उरलं. त्याचं नाव 'नक्षी'.

'नक्षी' सरांनी लिहिलेलं. सोलापूरच्या एका तांत्रिक संस्थेत ते विणकाम शिकवायचे. चौकटीच्या कागदावर जशी फुलं काढतात तशी पडद्यावर काढायची, मग 'नक्षी' एका यंत्राकरवी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून देणार. त्या पट्ट्यांची साखळी मागावरच्या जॅकार्डला लावली की भोकांप्रमाणे धागे वर उचलले जातात आणि चादरीवर मोर उतरतो. विद्यार्थ्यांसाठी म्हणून त्यांनी ते लिहिलं, भांडारात दिलं आणि पुढं स्वतःच सांभाळलं. सांभाळणारा जागेवर असेल आणि 'नाही' म्हणत असेल तर पॅकेजला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. मी सात मेल पाठवले. सातही वेळा त्याच दिवशी उत्तर आलं: "वापरणारे आहेत. काढू नये. हंचाटे."

म्हणून मी उठून सोलापूरला गेलो. बिनपगारी कामासाठी पदरचं तिकीट काढून, रविवारचा, दुसऱ्याचं पॅकेज मारायला. मुक्ता म्हणाली, "बघ हं, तिथं तुझा सत्कार ठेवला असेल."

सर एकाहत्तर वर्षांचे. पांढरा शर्ट, जाड चष्मा. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "खांबेटे, तुमच्यात पॅकेज काढायची कारणं काय काय असतात?"

माझी कळी खुलली. "सांभाळणारा गायब होणं. मूळ लेखकानं सोडून देणं. दोष कळवलेत पण कुणी दुरुस्त करत नाही. परवाना मुक्त नाही. दुसरं चांगलं आलं. किंवा मग ज्याच्यावर ते उभं आहे, तेच जाणार."

"आणि कुणी वापरत असेल तर?"

"मग वाद होतो."

"आमच्या 'नक्षी'ला यातलं कुठलं दुखणं?"

"शेवटचं. सर, त्या एका लायब्ररीवर आता तुम्ही एकटेच आहात. तुमच्यापायी ती सगळ्या जगाच्या मशीनवर ठेवावी लागतेय."

"नव्यावर चढवायला हवं, ते कळतं मला," सर म्हणाले. "पण दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. अर्धा तास पडद्याकडे बघितलं की पाणी येतं. तुम्ही द्याल का चढवून?"

"दिलं असतं सर, पण वेळच..."

वेळ होता. तीन महिन्यांचं काम, आणि संध्याकाळी मी दुसरं काय करत होतो? पण ते मला जमलं नसतं, आणि जमलं नाही हे चारचौघांत दिसलं असतं. मी विषय बदलला. लॅपटॉप उघडून त्यांना आमची गणती दाखवली. ज्यांनी परवानगी दिलीय त्यांची मशीन आठवड्यातून एकदा कळवतात, आमच्याकडे अमुक पॅकेजेस आहेत म्हणून. 'नक्षी'समोर आकडा होता दोन.

"यातले एक तुम्ही," मी म्हणालो. "आणि दुसरा मी. मी ते फक्त दोष शोधायला घेतलंय."

सर हसले नाहीत. "माझे पाच विद्यार्थी आहेत. दर दिवाळीला मी फोन करतो, विचारतो. सगळे म्हणतात, वापरतो." आणि मग डायरी काढून म्हणाले, "तुम्हीच विचारा. पाचातला एकजण जरी खरोखर वापरत असेल तर मी सही करणार नाही. एकही नसेल तर आत्ता, तुमच्यासमोर करतो. कबूल?"

मी कबूल झालो आणि जिन्यात आलो.

पहिलं नाव होतं सुलभा धोत्रे. इचलकरंजीला एका कारखान्यात डिझाइन विभाग सांभाळायच्या.

"'नक्षी' का? हो हो, वापरतो ना आम्ही!" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "सर तिथंच आहेत का?"

"नाही. मी जिन्यात उभा आहे."

"मग सांगते. सहा वर्षं झाली सोडून. नवीन मशीन आली, त्यांचं त्यांचं सॉफ्टवेअर. पण सर दिवाळीला फोन करतात, 'सुलभा, चालतंय ना?' काय सांगायचं सांगा तुम्ही! घरचे शिकू देत नव्हते तेव्हा दोनदा येऊन माझ्या वडिलांना समजावलं त्यांनी. म्हणते आपली, चालतंय सर. तुम्ही बोलू नका हं त्यांना."

"छे छे," मी म्हणालो.

दुसऱ्यानं हेच सांगितलं. तिसऱ्यानंही. चौथा तर विणकाम सोडून मोबाइलचं दुकान चालवत होता. "दरवर्षी म्हणतो, वापरतो," तो म्हणाला, "आणि फोन ठेवल्यावर बायको हसते मला." चौघांचीही सुरुवात 'हो, वापरतो ना' अशीच झाली, आणि सर जवळ नाहीत म्हटल्यावर चौघांनीही खरं सांगितलं. पाचवा फोन लावेपर्यंत मी मनानं पुण्याला पोचलो होतो.

पाचवा राजेशम येमूल. सोलापुरातच, पूर्व भागात त्याची मागाची शेड. फोन उचलला तर मागे नुसता खडखडाट.

"'नक्षी'?" तो ओरडला. "वापरालोय की! रोज."

"राजेशमभाऊ, सर इथं नाहीत," मीही ओरडलो. "मी एकटाच आहे. मोकळेपणानं सांगा."

"मोकळंच सांगालोय साहेब. वापरतो."

मी हसलो. खरंच मोठ्यानं हसलो. "अहो, बाकीच्या चौघांनीही आधी असंच सांगितलं! सरांवर जीव आहे तुमचा, कळतंय मला."

पलीकडे एक माग थांबवल्याचा आवाज आला.

"जीव आहे की," तो म्हणाला. "पण वापरतो पण."

"बरं बरं, कळलं!" मी म्हणालो, आणि फोन ठेवून पाचव्या नावापुढे बारीकशी फुली मारली. ओरडून बोलणारा माणूस खोटंच बोलत असणार असं मला का वाटलं, देव जाणे. चार जण भिडेखातर बोलले म्हणजे पाचवाही भिडेखातरच बोलतोय, एवढं माझं गणित. आणि मी इंजिनियर!

आत गेलो तर सर तसेच बसलेले, हात गुडघ्यांवर. सुलभाबाईंना दिलेला शब्द जिन्यातच राहिला.

"सर, कुणी वापरत नाही. तुमचं मन राखायला हो म्हणतात सगळे."

सरांनी चष्मा काढला. "सुलभा?"

"सहा वर्षांपूर्वी सोडलं."

त्यांनी एकेक नाव विचारलं, मी एकेक उत्तर दिलं. शेवटी म्हणाले, "राजेशमसुद्धा?"

"राजेशमसुद्धा."

"तो खोटं बोलणारा पोरगा नाही हो. परीक्षेत नापास झाला तेव्हा येऊन म्हणाला, सर, अभ्यास केला नव्हता."

"सर, तो वापरत असता तर गणतीत आला असता," मी म्हणालो आणि लॅपटॉपवरचा तो दोनचा आकडा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

आकडा बघून सरांनी ते पान माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे दर दिवाळीला मीच त्यांना खोटं बोलायला लावत होतो म्हणायचं." मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. त्यांनी डोळे पुसले, ऑपरेशनचं पाणी असेल किंवा नसेल, आणि संगणकासमोर बसून दोन बोटांनी मेल टाइप केला: "माझी हरकत नाही. काढावे." खाली आपली सही. काकूंनी आतून शेंगांच्या पोळ्या आणल्या. मी तीन खाल्ल्या.

मग काय, माझी चांदी झाली! 'नक्षी' गेलं, त्या मागोमाग लायब्ररी गेली. ब्राझीलहून एकानं 'अखेर!' असं कळवलं, फिनलंडहून एकानं झाडूचं चित्र पाठवलं. ते मी मुक्ताला दाखवलं. ती म्हणाली, "मिक्सर अजून माळ्यावर आहे."

त्यानंतर दीडेक वर्षानं सोलापूरला मुक्ताच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. मुक्ताला चादरी हव्या होत्या, नक्षीच्या, मोराच्या. मी कॉलर ताठ करून म्हणालो, "दुकानात कशाला? माझी ओळख आहे. थेट मागावरून घेऊ." फोनमध्ये राजेशमचा नंबर होताच. लावला.

"ओळखलंत का? मी खांबेटे. सरांकडून फोन केला होता बघा."

"ओळखलं की साहेब," तो म्हणाला. "या."

शेड लहान होती, चार माग. राजेशम पंचेचाळिशीचा, सडपातळ, दंडावर आणि भुवयांवर कापसाचं पीस बसलेलं. त्यानं माग थांबवले, लाकडी बाक पुसून मुक्ताला बसायला दिलं. मी भोवती बघितलं. चारही मागांवर पांढरे टॉवेल, एका रेघेचे.

"आम्हाला मोराच्या चादरी बघायच्या होत्या," मुक्ता म्हणाली.

"नक्षीचं काम आता नाही ताई. टॉवेलच."

"का हो?"

राजेशम माझ्याकडे बघून अवघडल्यासारखा हसला. "ते काढलं की साहेबांनी."

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. मी राजेशमकडे वळलो. "तुम्ही... खरंच वापरत होता?"

"रोज. सांगितलं होतं की."

"पण गणतीत तुमचं मशीन नव्हतं!"

"कसली गणती?"

"इंटरनेटवरून होते ती."

"शेडीत कुठलं आलंय इंटरनेट साहेब?" तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, आणि आवाज एकदाही चढवला नाही. जुलैत लाइटचा दाब वाढला आणि शेडीतला संगणक जळला. दुकानदारानं नवीन दिला, त्यावर आमची नवी आवृत्ती. 'नक्षी' टाइप केलं, तर असं काही नाही म्हणाला. पुठ्ठ्याच्या साखळ्या होत्या तोवर चादरी चालल्या. पण पुठ्ठे झिजतात, फाटतात, चार-सहा महिन्यांनी पुन्हा पाडून घ्यावे लागतात. एकेक साखळी गेली. शेवटची फाटली तेव्हा जॅकार्ड मागावरून उतरवलं आणि भंगारात दिलं. वडिलांनी चौकटीच्या कागदावर काढलेल्या एकशे चाळीस नक्ष्या त्यानं एकेक घर भरून संगणकात उतरवल्या होत्या. त्या होत्या अजून, जळक्या संगणकातून काढून घेतलेल्या डिस्कमध्ये, पिशवीत गुंडाळून. त्या उघडणारं काही उरलं नव्हतं. कागद पुरात गेले होते.

"अहो, मग मला फोन का नाही केलात?" माझा आवाज चिरकला. "जुनी आवृत्ती तासाभरात बसवून दिली असती!"

"करणार होतो," राजेशम म्हणाला. "नंबर पण काढला. पण तुम्ही हसला होता बघा. म्हटलं, परत हसतील."

माझं तोंड एवढंसं झालं. मुक्ता माझी बाजू घेईल असं मला क्षणभर वाटलं. ती खाली बघत होती.

"आत्ता बसवतो मी ते," मी म्हणालो. "लॅपटॉप आहे माझ्याकडे. आत्ताच्या आत्ता!"

"कशावर चालवायचं? जॅकार्ड गेलं की."

"मग निदान सरांना तरी सांगतो. चूक माझी होती, राजेशमनं खरं सांगितलं होतं, मी खोटं ठरवलं. चला, आत्ता जाऊ."

"नको," राजेशम म्हणाला. पहिल्यांदाच जरा जोरात म्हणाला. "त्या दिवाळीला सरांचा फोन आला नाही. पुढच्या दिवाळीला पण नाही. चौकशी केली तर कळलं, तुम्ही जाऊन काय बोलला ते. आता वापरत होतो म्हणून कळलं तर ते लिहायला बसतील. डोळे घालवतील."

"पण त्यांना वाटतंय तुम्हीही खोटं बोललात!"

"वाटतंय का? पुरतं पटलं नाही अजून त्यांना. काकू परवा बाजारात भेटल्या. रोज एकदा तरी म्हणतात म्हणे, राजेशमचं काय झालं असेल." त्यानं खिशातून फोन काढला, बोटावरचं पीस पुसलं आणि नंबर लावला. हात भरलेले म्हणून की आम्ही ऐकावं म्हणून, कोण जाणे, पण स्पीकर सुरू केला.

"सर, राजेशम बोलतोय."

"राजेशम!" सरांचा आवाज बारीक झाला होता. "अरे, कसा आहेस?"

"बरा आहे सर. एक सांगायचं राहिलं होतं. ते साहेब आले होते ना, त्यांनी सांगितलं ते खरं होतं. मी पण 'नक्षी' वापरत नव्हतो. तुमचं मन राखायला म्हणत होतो. माफ करा सर."

मी तोंड उघडलं. राजेशमनं हातानंच मला गप्प केलं.

"माफी कसली रे," सर म्हणाले. "मला दीड वर्ष घोर होता. वाटायचं, त्या माणसानं तुला नीट विचारलंच नसेल, आणि माझ्या सहीपायी तुझं काम अडलं असेल. फोन करायला धीर होईना. माग चालू आहे ना तुझा?"

"जोरात चालू आहे सर. चारी माग."

"मोर काढतोस का अजून?"

राजेशम बंद मागावरच्या पांढऱ्या टॉवेलकडे बघत होता. "काढतो की सर. नवीन सॉफ्टवेअर घेतलंय."

"बरं झालं बाबा. आज झोप लागेल मला." सर मोकळे हसले. "मग खांबेटेनं नीट विचारलं म्हणायचं! मी उगाच त्याच्यावर संशय घेतला. कधी भेटला तर त्याला माझी शाबासकी सांग."

"सांगतो सर."

त्यानं फोन बंद केला. मुक्ता उठली आणि बाहेर थांबवलेल्या रिक्षात जाऊन बसली. राजेशमनं मागाचं बटण दाबायला हात पुढं केला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सरांनी शाबासकी सांगितलीय."

"हो," मी म्हणालो.